इंजिन मध्येच बंद पडते? आधी डिझेलची वाट तपासा



गव्हाची पेरणी होऊन वीस दिवस झालेले असतात. मुकुटमुळे फुटण्याची ही वेळ. पेरणीपासून १८ ते २१ दिवसांच्या आत मिळालेले पाणी गव्हाला जितके मानवते तितके नंतरचे मानवत नाही. आणि नेमके त्याच दिवशी ऑइल इंजिन दगा देते. पंधरा-वीस मिनिटे चालते, धापा टाकते आणि बंद पडते. पाटातले पाणी अर्ध्या वाफ्यात जिरून जाते.

आमच्या दौऱ्यातल्या एका गावात असाच प्रकार झाला. इंजिन बंद पडले की मालक टाकीत डोकावून डिझेल आहे ना ते पाहायचे, पुन्हा हँडल मारायचे, आणि इंजिन लगेच चालू व्हायचे. वीस मिनिटांनी पुन्हा तेच. ‘तापतंय, विसावा दिला की चालतं,’ असा त्यांनी समज करून घेतला. मिस्त्री आला. त्याने डिझेलचा पंप आणि नोझल खोलून तालुक्याच्या गावी नेले. तीन दिवस गेले, पैसे गेले, आणि पंप बसवल्यावर इंजिन पुन्हा वीस मिनिटांनी बंद पडले.

दोष पंपात नव्हताच. टाकीचे झाकण हरवले होते, म्हणून टाकीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा कागद ठेवून वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट आवळला होता. टाकीतले डिझेल खाली जाते तसतशी वरून तेवढी हवा आत यावी लागते. ती येईना. मग डिझेल उतरायचे थांबे आणि इंजिन उपाशी राही. टाकीत डोकावायला कागद सोडला की हवा आत जाई आणि इंजिन चालू होई. विसाव्याचा यात काही संबंध नव्हता. छिद्र असलेले नवे झाकण बसवले आणि काम भागले.

या पत्रकात सांगायचे आहे ते एवढेच. डिझेलची वाट टाकीपासून सुरू होते आणि नोझलपाशी संपते. तपासणीही त्याच क्रमाने करा, टाकीकडून नोझलकडे. बहुतेक वेळा दोष वाटेच्या सुरुवातीला, स्वस्त जागी सापडतो. पंप आणि नोझल या महाग जागा अगदी शेवटी.

ही माहिती ऑइल इंजिन, जुना ट्रॅक्टर आणि जुनी डिझेल पिकअप गाडी, तिन्हींना लागू आहे. मात्र अलीकडच्या कॉमन रेल पद्धतीच्या, संगणकावर चालणाऱ्या इंजिनांना नाही. त्यांच्या नळ्यांत हजार किलोहून अधिक दाब असतो. त्यांच्या दाबाच्या नळ्यांना पाना लावू नका, जाणकाराकडेच न्या.

दोष डिझेलचाच आहे का?

आधी हे ठरवा. वाटेत अडथळा असेल तर इंजिन एकदम थांबत नाही. आवाज बदलतो, फेरे कमीजास्त होतात, जोर कमी होतो आणि मग ते विझते. एकदम आचका देऊन थांबले, हँडल फिरेनासे झाले, तर ते वेगळे दुखणे आहे. अशा वेळी पुन्हा चालू करण्याची खटपट करू नका. आधी इंजिनातले ऑइल आणि थंड ठेवणारे पाणी पाहा.

धूरही बरेच सांगून जातो. हँडल मारताना धूर अजिबात निघत नसेल तर डिझेल नोझलपर्यंत पोचत नाही. पांढरा धूर निघतो पण इंजिन पेट घेत नाही, म्हणजे डिझेल पोचते पण जळत नाही. दाब कमी असेल किंवा डिझेलात पाणी असेल. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. तेव्हा एअर क्लीनर आधी साफ करा.

आणखी एक साधी गोष्ट. इंजिन बंद करण्याची दोरी किंवा लिव्हर पूर्ण मागे आला आहे ना? गंजलेली तार अर्ध्यावर अडकली तर पंप डिझेल सोडतच नाही. एवढ्यासाठी मिस्त्री बोलावल्याची उदाहरणे कमी नाहीत.

पहिली पायरी : टाकी

काट्यावर विसंबू नका. स्वच्छ काडी बुडवून डिझेल किती आहे ते पाहा. डिझेल थोडे असताना गाडी घाट चढू लागली की ते मागे सरकते, नळीचे तोंड उघडे पडते आणि नळीत हवा शिरते. सपाटीवर नीट चालणारी गाडी चढावर दम तोडते ती पुष्कळदा यामुळे.

मग झाकणाचे छिद्र पाहा. धूळ आणि डिझेल मिळून त्यात चिखल बसतो. बारीक तारेने ते मोकळे करा. शंका असेल तर झाकण सैल ठेवून इंजिन चालवून पाहा. सैल झाकणावर नीट चालले तर दोष सापडला. झाकण उघडताना ‘फस्स’ असा आवाज येऊन हवा आत ओढली गेली, तर तीही तीच खूण.

तिसरी गोष्ट पाणी. पाणी डिझेलपेक्षा जड असते, त्यामुळे ते तळाशी बसते. टाकीच्या तळाचा बोल्ट सैल करून थोडे डिझेल पांढऱ्या काचेच्या बाटलीत घ्या आणि पाव तास स्थिर ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसेल. पाणी आणि डिझेल जिथे मिळतात तिथे सूक्ष्म जीव वाढतात आणि काळसर, बुळबुळीत गाळ तयार होतो. हा गाळ फिल्टर बुजवतो. असा गाळ दिसला तर नुसता फिल्टर बदलून भागणार नाही. टाकी उतरवून धुवा.

दुसरी पायरी : कॉक आणि नळी

ऑइल इंजिनाची टाकी वर असते. डिझेल आपल्या वजनाने खाली उतरते. फिल्टरकडे जाणारी नळी फिल्टरपाशी सोडा, खाली भांडे धरा आणि कॉक उघडा. पाच हॉर्सपॉवरचे इंजिन तासाला साधारण एक लिटर डिझेल घेते, म्हणजे मिनिटाला तीन-चार चहाचे चमचे. त्यामुळे धार फार मोठी हवी असे नाही, पण ती अखंड हवी. दोन-चार मिनिटे धरून ठेवा. सुरुवातीला जोरात येऊन मग बारीक होत असेल तर आतली जाळी तुंबली आहे किंवा झाकण हवा घेत नाही.

तुंबलेली नळी सायकलच्या पंपाने, टाकीचे झाकण काढून, उलट दिशेने फुंका. तोंड लावून डिझेल ओढू नका. ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. कुणाच्या पोटात गेलेच तर ओकारी काढू नका, सरळ दवाखान्यात न्या.

ट्रॅक्टर आणि गाडीचे थोडे वेगळे आहे. गाडीची टाकी खाली असते आणि फिड पंप डिझेल वर ओढतो. अशा ओढीच्या नळीला बारीक चीर गेली तर बाहेर थेंबही गळत नाही. उलट चिरेतून हवा आत ओढली जाते. म्हणून ‘कुठे गळत नाही, म्हणजे सांधे चांगले’ हा हिशेब इथे चालत नाही. सांध्याचे बोल्ट आवळा, चेपलेले तांब्याचे वायसर बदला. रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसली तरी आतला थर सुटून वाट बुजवतो. नळी कडक झाली असेल, वाकवल्यावर तडे दिसत असतील, तर बदलून टाका. बदलताना डिझेलसाठीचीच नळी घ्या. पाण्याची पारदर्शक नळी काही दिवसांत कडक होते आणि सांध्यात सैल पडते.

तिसरी पायरी : फिड पंप आणि फिल्टर

फिड पंपाला हाताने दाबण्याचा दट्ट्या असतो. तो दाबून पाहा. चार-सहा दाबांनंतर हाताला घट्टपणा जाणवला पाहिजे. कितीही दाबले तरी पोकळ लागत असेल तर मागून हवा येते आहे किंवा फिड पंपाची झडप धरत नाही. पंपाखाली काचेची वाटी असेल तर ती उतरवून जाळी धुवा, आणि बसवताना तिचा वायसर फाटलेला नाही ना ते पाहा.

फिल्टर दोन प्रकारचे असतात. कापडी किंवा नमद्याचा फिल्टर स्वच्छ डिझेलात धुऊन वापरता येतो. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. धुतला की कागदाची छिद्रे फाकतात आणि मळ थेट पंपात जातो. फिल्टर किती तासांनी बदलायचा ते इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्यासाठी इंजिन चालल्याचे तास भिंतीवर खडूने का होईना, पण लिहून ठेवा.

इथे काटकसर का नको, ते समजून घ्या. पंपातला दट्ट्या आणि त्याचे घर यांत मायक्रॉनमध्ये मोजावी एवढी थोडी फट असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आता विचार करा, डोळ्याला न दिसणारा धुळीचा कण तिथे किती ओरखडे काढील. फिल्टरचे पैसे वाचवले की ते पंपाला मोजावे लागतात.

निवाडा करणारा डबा

इतके पाहूनही दोष कळत नसेल तर अंदाज करीत बसू नका. पाच लिटरचा एक स्वच्छ डबा घ्या, त्यात गाळलेले डिझेल भरा. डबा इंजिनापेक्षा उंचावर पक्का बांधा. सायलेन्सरपासून तो लांब असावा आणि जवळपास विडीकाडी नको. डब्यातून नवी नळी काढून थेट फिल्टरच्या तोंडाला जोडा, नळीतली हवा काढा आणि इंजिन अर्धा तास चालवा.

इंजिन नीट चालले, तर दोष फिल्टरच्या मागे आहे : टाकी, झाकण, कॉक, नळी किंवा फिड पंप. तसेच बंद पडले, तर दोष फिल्टरपासून पुढे आहे. अर्ध्या तासात निम्मी वाट तपासून झाली, आणि एकही महाग भाग खोलावा लागला नाही. मिस्त्रीला बोलावले तरी त्याला हे सांगा, त्याचाही वेळ वाचेल.

दोन टाक्या असतील तर

काही जुन्या पिकअप गाड्यांना मालकांनी दुसरी टाकी बसवलेली असते. काही शेतकरी ऑइल इंजिनाला टाकीशिवाय एक ड्रम जोडतात, म्हणजे रात्रभर पाणी देताना उठावे लागत नाही. दोन टाक्या म्हणजे एका परीने तपासणीची सोयच. एकीवर चालते आणि दुसरीवर बंद पडते, म्हणजे दोष त्या दुसऱ्या टाकीच्या वाटेत, कॉकच्या अलीकडे आहे. दोन्हींवर बंद पडते, म्हणजे दोष बहुधा कॉकमध्ये किंवा त्याच्या पुढे. मात्र दोन टाक्यांमुळे चार अडचणी नव्याने येतात.

१. कॉक अर्धवट फिरलेला राहतो. त्यामुळे दोन्हीकडची वाट अर्धी बंद होते. कॉक फिरवल्यावर खटका जागेवर बसला ना, ते हाताने पाहा.

२. कॉकच्या आतले रबर झिजले की बंद केलेल्या टाकीकडूनही ओढ लागते. ती टाकी रिकामी असेल तर तिच्यातून हवा येते, आणि भरलेल्या टाकीवरही इंजिन बंद पडते. रिकाम्या टाकीत दोन-चार लिटर डिझेल ओतून पाहा. इंजिन सुधारले तर कॉक बदला.

३. नोझल आणि पंपातून उरलेले डिझेल परतीच्या नळीने मागे येते. ही नळी पहिल्या टाकीत सोडलेली असेल आणि इंजिन दुसऱ्या टाकीवर चालत असेल, तर दुसरी हळूहळू रिती होते आणि पहिली भरत जाऊन उतू लागते. ‘डिझेल चोरीला जाते’ अशी तक्रार करण्यापूर्वी परतीची नळी कुठे जाते ते पाहा. ज्या टाकीतून डिझेल घेतो तिच्यातच ते परत गेले पाहिजे.

४. न वापरलेल्या टाकीत महिनोन्‌महिने पाणी आणि गाळ साचतो. अडीनडीला ती चालू केली की सगळा गाळ एकदम फिल्टरवर येतो. म्हणून दोन्ही टाक्या आलटून पालटून वापरा.

हवा काढण्याची रीत

टाकी रिकामी झाली, नळी सोडली किंवा फिल्टर बदलला, की वाटेत हवा धरते. हवा दाबली जाते आणि दट्ट्याचा जोर तिच्यातच जिरतो. नोझल उघडतच नाही. हवा काढताना क्रम मोडू नका.

पहिल्यांदा टाकी भरा, कॉक उघडा. फिल्टरवरचा हवेचा बोल्ट दोन आटे सैल करा. ट्रॅक्टर किंवा गाडी असेल तर फिड पंपाचा दट्ट्या दाबत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग बुडबुड्यांशिवाय सलग डिझेल. सलग धार वाहत असतानाच बोल्ट आवळा.

त्यानंतर पंपावरचा बोल्ट सैल करून तसेच करा.

शेवटी नोझलकडे जाणाऱ्या दाबाच्या नळीचे नट अर्धा फेरा सैल करा आणि हँडल मारा. डिझेल झिरपू लागले की नट आवळा. मग हँडल मारताना नोझलमधून ‘कुर्र कुर्र’ असा आवाज आला, की डिझेल पोचले असे समजा.

हवा काढून इंजिन नीट चालले पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा धरली, तर रोज हवा काढत बसण्यात अर्थ नाही. हवा कुठून तरी येते आहे. दुसऱ्या पायरीकडे परत जा आणि सांधे तपासा.

सावधगिरीची सूचना : नोझलमधून डिझेल १५० ते २०० किलोच्या दाबाने फवारले जाते. त्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नका. एवढ्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते. वरून फक्त टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही, पण आतले मांस सडू लागते. असे झाले तर हळद लावून घरी थांबू नका. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा आणि ‘दाबाचे डिझेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

पंपाला हात केव्हा लावायचा?

टाकी स्वच्छ आहे, झाकण हवा घेते, धार अखंड आहे, फिल्टर नवा आहे, हवा काढली आहे, उंचावरच्या डब्यावरही इंजिन चालत नाही. एवढे सगळे झाल्यावर पंप आणि नोझलचा संशय घ्या. तेव्हाही ते घरी खोलू नका. ज्याच्याकडे दाब मोजण्याचे यंत्र आहे त्याच्याकडेच न्या. पंपाची सीलबंद मांडणी झाडाखाली बसून फिरवली की इंजिन काही दिवस जोरात पळते, काळा धूर ओकते, आणि डिझेल व इंजिन दोन्ही खाते.

दुखणे येऊच नये म्हणून

डिझेलचा ड्रम सावलीत, दोन विटांवर, थोडा कलता ठेवा. तोटीची बाजू उंच असू द्या, म्हणजे पाणी आणि गाळ मागच्या बाजूला बसतील. आणलेले डिझेल एक दिवस तरी निवू द्या, तळचे शेवटचे दोन बोटे डिझेल वापरू नका. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या भांड्यात डिझेल साठवू नका. जस्ताची आणि डिझेलची क्रिया होऊन गाळ तयार होतो आणि फिल्टर बुजतात.

टाकीत ओतताना नरसाळ्यात जाळी आणि वर मांजरपाटाचे दुहेरी कापड धरा. कापडाचे सूत सुटणारे नको.

काम संपल्यावर संध्याकाळीच टाकी भरून ठेवा. टाकी रिकामी राहिली की रात्रीच्या गारव्याने आतल्या हवेतले दव पत्र्यावर जमते आणि पाणी होऊन तळाशी जाते.

डिझेलात रॉकेल मिसळू नका. पंपाच्या दट्ट्याला वंगण मिळते ते डिझेलचेच. रॉकेलात तो ओशटपणा कमी असतो, म्हणून दट्ट्या झिजतो.

इंजिनाच्या खोलीत एका डब्यात एवढे सामान नेहमी असू द्या : एक नवा फिल्टर, पाच-सहा तांब्याचे वायसर, हातभर डिझेलची नळी आणि दोन पकडी, बारीक तार, बोल्टांच्या मापाचे पाने, एक पांढरी काचेची बाटली आणि स्वच्छ फडके. हे सगळे मिळूनही पंपाच्या एका दुरुस्तीएवढा खर्च येत नाही.

बंधूंनो, इंजिन रात्रीच्या दहाला बंद पडले तर मिस्त्री सकाळीच येणार. पण झाकणाचे छिद्र, कॉक, नळी आणि फिल्टर पाहायला बॅटरीचा उजेड आणि अर्धा तास पुरतो. हे पत्रक इंजिनाच्या खोलीत खिळ्याला अडकवून ठेवा. घरातल्या पोरासोरांनाही, मुलींनाही, दिवसाउजेडी एकदा हवा काढायला शिकवा. पिकाला पाणी वेळेवर मिळाले, म्हणजे या माहितीचे चीज झाले.